पुढे उभे असलेले पाच जण



मघाशी बक्षिसं देताना माझ्या डाव्या हाताला, विंगेच्या पडद्याला लागून एक मुलगी यादी घेऊन उभी होती. नाव पुकारलं जायच्या आत बरोबर तीच ढाल आणि तेच प्रमाणपत्र ती पुढे सरकवत होती. मध्येच दोन विजेते गैरहजर निघाले, तेव्हा तिने पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि क्रम सांभाळला. साठेक बक्षिसं दिली, एकाचीही अदलाबदल झाली नाही. तिच्याकडे बघताना मला निक फोल्सचा २०१३चा सीझन आठवला. आज त्याबद्दलच बोलतो.

मी याच कॉलेजातून बाहेर पडलो आणि नोकरीसाठी काही वर्षं अमेरिकेत फिलाडेल्फियाला राहिलो. तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचला की टचडाऊन. सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे राहून समोरच्यांना अडवतात. हा अडथळा दोन-तीन सेकंद टिकतो. तेवढ्यात चेंडू कुणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅकने ठरवायचं. कबड्डीत साखळी तुटली की चढाईवाला निसटतो ना, तसं तिथे ही भिंत फुटली की क्वार्टरबॅक आडवा होतो.

निक फोल्स हा फिलाडेल्फियाच्या ईगल्स टीमचा राखीव क्वार्टरबॅक. २०१३ साली मुख्य क्वार्टरबॅक मायकल व्हिक जखमी झाला म्हणून त्याला संधी मिळाली. २० ऑक्टोबरला डॅलसविरुद्ध त्याने २९ पास फेकले, त्यातले ११ पोचले. कमाई जेमतेम ८० यार्ड. वर डोक्याला मार बसला आणि पुढचा सामना बाहेर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द कानावर आला नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला, ओकलंडचा सामना झाला. आम्ही चौघे मित्र एका छोट्या अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. २८ पैकी २२ पास पोचले, ४०६ यार्ड मिळाले आणि सात टचडाऊन झाले. एका सामन्यात सात टचडाऊन पास त्याआधी फक्त सहा जणांना जमले होते, त्यातला पहिला सिड लकमन, १९४३ साली. क्वार्टरबॅकला गुण देण्याचं तिथे एक सूत्र आहे. किती पास पोचले, दर पासमागे किती यार्ड, किती टचडाऊन आणि किती पास शत्रूच्या हातात गेले, या चार गोष्टींवर ते चालतं. त्या सूत्रातून जास्तीत जास्त १५८.३ गुण मिळू शकतात, आणि त्या दिवशी फोल्सला तेवढेच मिळाले. सातव्या टचडाऊनला आमच्यापैकी कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर २७ टचडाऊन होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेलेले पास फक्त दोन. सीझनमधलं हे प्रमाण तोवरचं सर्वोत्तम होतं.

पुढच्या वर्षी आठ सामन्यांत १३ टचडाऊन झाले, पण १० पास समोरच्यांनी पळवले. २ नोव्हेंबर २०१४ला, म्हणजे त्या सात टचडाऊननंतर वर्ष पुरं व्हायला एक दिवस असताना, ह्यूस्टनमध्ये त्याचं कॉलरबोन मोडलं. मग त्याला सेंट लुईसच्या रॅम्स टीमकडे पाठवलं गेलं. तिथे ७ टचडाऊन, समोरच्यांनी पळवलेले १० पास, आणि शेवटी बाकावर. २०१६च्या उन्हाळ्यात त्याने खेळ सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

ऑफिसमध्ये माझे एक सहकारी म्हणायचे, "एका वर्षाचा चमत्कार होता तो, लॉटरी लागली." दुसरे म्हणायचे, "खरा फोल्स २०१३चाच, नंतर नशीब फिरलं." मला दोघांचंही पटत नव्हतं. म्हणून मी त्या वर्षीचे सामने पुन्हा पाहिले आणि या वेळी चेंडूवरची नजर काढून घेतली. चेंडूऐवजी भिंतीतल्या त्या पाच जणांकडे बघत बसलो: जेसन पीटर्स, एव्हन मॅथिस, जेसन केल्सी, टॉड हेरेमन्स, लेन जॉन्सन. २०१३ मध्ये हे पाचही जण सोळाच्या सोळा सामन्यांत सुरुवातीपासून उतरले. ज्या खेळात दर आठवड्याला कुणाचा तरी गुडघा जातो, तिथे ही केवढी गोष्ट आहे! त्यांच्या मागून पळणाऱ्या लेशॉन मकॉयने १,६०७ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त. मकॉयच्या धाकाने समोरची माणसं पुढे सरकायची आणि मागचं मैदान फोल्सला मोकळं मिळायचं. २०१४ मध्ये त्या पाचांतल्या एकावर पहिल्या चार सामन्यांची बंदी आली आणि सप्टेंबरमध्येच आणखी दोघे जखमी झाले. फोल्सचा हात तोच होता, पण त्याच्यापुढची भिंत आता तीच राहिली नव्हती.

एवढं असूनही २०१३चं श्रेय मी फोल्सकडून काढून घेत नाही. मोकळं मैदान दिसणं आणि ते अचूक हेरणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं त्याचंच होतं. पण गुणपत्रिकेवर सहा माणसांचं काम एकाच नावापुढे लिहिलं जातं आणि पुढच्या वर्षी उतरती कळा लागली की जाबही त्या एकालाच विचारला जातो. हा अन्याय त्या पाचांवर जितका आहे तितकाच फोल्सवर.

२०१७ मध्ये तो फिलाडेल्फियाला परत आला, पुन्हा राखीव म्हणूनच. डिसेंबरमध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा गेला. बाद फेरीआधीच्या शेवटच्या सामन्यात फोल्सचे ११ पैकी ४ पास पोचले. सगळं शहर धास्तावलं होतं, मीही धास्तावलो होतो. ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, तोवर कधीच जिंकला नव्हता. त्यांचं त्याआधीचं शेवटचं विजेतेपद १९६०चं.

तरीही ईगल्स सुपर बोलपर्यंत पोचले. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, समोर टॉम ब्रेडीची पेट्रिअट्स टीम. पूर्वार्ध संपायला ३८ सेकंद होते. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि रेषा एक यार्डावर. सोपे तीन गुण पदरात पाडून घ्यावेत अशी ती वेळ. फोल्स चालत बाजूला आला आणि त्याने कोच डग पीडरसनना एका डावाचं नाव घेऊन विचारलं, हा खेळू या का? पीडरसन क्षणभर थांबले आणि हो म्हणाले. चेंडू कोरी क्लेमंटकडे गेला, त्याने तो ट्रे बर्टनला दिला, बर्टनने फेकला. आणि आयुष्यभर दुसऱ्यांना पास देणारा क्वार्टरबॅक शेवटच्या रेषेपलीकडे एकटा उभा राहून तो झेलत होता. सामना ४१-३३ने जिंकला, सामनावीर फोल्स. त्या रात्री फिलाडेल्फियाच्या ब्रॉड स्ट्रीटवर आम्ही अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होतो.

२०१९ मध्ये जॅक्सनव्हिलने त्याला चार वर्षांसाठी ८.८ कोटी डॉलरचा करार दिला. पहिल्याच सामन्यात एक टचडाऊन फेकतानाच कॉलरबोन पुन्हा मोडलं. त्यानंतर शिकागो, मग इंडियानापोलिस. २०२४ मध्ये ईगल म्हणून निवृत्ती.

फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. भारतात परतण्याआधी मी मुद्दाम तो बघून आलो. चेंडू फेकणारा फोल्स तिथे नाही आणि झेलणाराही नाही. फोल्स कोचना विचारतोय आणि पीडरसन त्याच्यासमोर उभे आहेत, असा तो पुतळा आहे.

प्राचार्यसर, माझी एक विनंती आहे. यादी घेऊन उभी असलेली ती मुलगी अजून विंगेतच असेल. तिला दोन मिनिटं इकडे बोलवाल का?