उचल : एका शब्दाची झडती
(पाथर्डीतल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



आज एकाच शब्दाची झडती घेऊ. शब्द आहे 'उचल'.

पंडित सांगतात, संस्कृतात 'उत्' म्हणजे वर, 'चल्' म्हणजे हलणं. त्यातनं 'उच्चल', आणि मराठीत 'उचलणं'. ठीक. पण उचलायचं कुणी, हे व्याकरण सांगत नाही. ते गाव सांगतं. मेलेलं ढोर महारानं उचलायचं, मैला मेहतरानं. याला वतन म्हणायचे, हक्क म्हणायचे! 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडलं. वतन मोडणारा कायदा आला 1958 चा. तीस वर्षं!

दुसरा अर्थ आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग कारखाने वाढले, ऊस वाढला, आणि पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यातली माणसं कोयता घेऊन फडावर निघाली. निघण्याआधी मुकादम हातावर पैसे ठेवतो. ती उचल. आजारपण, लग्न, जुनं देणं यातच ती संपते. मग पहाटेपासून तोडा, मोळ्या बांधा, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढा. एक दिवस पडून राहिलं की खाडा. पट्टा पडतो तेव्हा मुकादम म्हणतो, उचल फिटली नाही, पुढच्या साली या.

म्हणजे बघा, पैसे एकदाच उचलले, ऊस मात्र जन्मभर उचलायचा. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली म्हणतात. मग हे काय?

तिसरा अर्थ 'उचल्या', म्हणजे चोर. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, शिवी राहिली. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 साली तीच शिवी आत्मकथेला नाव म्हणून दिली. शिवी उलटी फिरली.

आपणही शब्द उलटा फिरवू. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. त्या हिशेबात आईची मजुरी कुठाय? शहरात शिकणाऱ्या पोरांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातली उचल कागदावर मांडा. किती घेतली, किती टन तोडला, खाडे किती, फिटली किती. आईचं नाव वेगळं लिहा. मग तो कागद घेऊन मुकादमासमोर बसा.

ओझं पिढ्यान्‌पिढ्या उचललं. आता हिशेबाची वही उचला.

जय भीम!