मोबाईलचा सल्ला, बांधावरची पारख

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर. तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव)



बियाणे, खते, औषधे यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज सल्ल्याविषयी बोलू. पूर्वी सल्ला मिळायचा तो जुन्याजाणत्या माणसाकडून, कृषी सहाय्यकाकडून, दुकानदाराकडून आणि रेडिओवरून. आता तो खिशातल्या फोनमधूनही मिळू लागला आहे. पानाचा फोटो काढला की फोन रोगाचे नाव सांगतो, प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देतो. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. आपली पोरं त्याला 'एआय' म्हणतात.

यात जादू काही नाही. हजारो पानांचे फोटो, वर्षानुवर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि उपग्रहाची चित्रे यंत्राला पुरवलेली असतात. त्यातले सारखेपण हेरून यंत्र नव्या फोटोवर अंदाज बांधते. अंदाज हा शब्द ध्यानात ठेवा. अंदाज चुकला तर फोनचे काही जात नाही, आपला हंगाम जातो.

हे आपल्याकडे कुठवर आले?

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. त्याला 'महाॲग्री-एआय' असे नाव आहे. त्याच वर्षी कृषी विभागाने 'महाविस्तार' हे ॲप सुरू केले. हवामान, बाजारभाव, पीकसल्ला आणि योजना यांची माहिती त्यावर मराठीत मिळते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साहाय्याने उसावर प्रयोग केले. तिथे जमिनीत ओलावा मोजणारी यंत्रे बसवली, उपग्रहाची चित्रे त्याला जोडली आणि आज पाणी द्यावे की नको हे शेतकऱ्याला फोनवर कळू लागले.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, तो बागायती ऊस. आमचं कोरडवाहू सोयाबीन आणि हरभरा. आम्हाला याचा काय उपयोग?" उपयोग आहे. पण ही यंत्रे एकट्या दोन एकरवाल्याने घेण्याची नव्हेत. शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने मिळून घेतली तर खर्च वाटला जातो.

माणसाचे काम संपले काय?

माझ्या खात्याचेच उदाहरण देतो. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षक शेतोशेत फिरून किडी मोजत, संगणकावर नोंद करीत आणि तज्ज्ञ त्यावरून सल्ला देत. आता फोटोवरून कीड ओळखण्याची सोयही आली आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. पण यंत्राला शिकवायला लागणारी माहिती आणली कोणी? चिखल तुडवणाऱ्या पायांनीच ना? म्हणून काम संपलेले नाही, बदलले आहे. पूर्वी आम्ही माहिती पोचवायचो. आता पोचलेली माहिती तुमच्या शिवाराला लागू पडते की नाही, हे तपासून देणे हे आमचे काम.

पिवळे पान: एक फोटो, तीन कारणे

आता सोयाबीनचेच बघा. पीक महिन्याभराचे झाले आणि पाने पिवळी दिसू लागली. फोटो काढला तर फोन एकच नाव सांगेल. पण कारणे निदान तीन असू शकतात.

१. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या राहिल्या असतील तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसते. यावर फेरस सल्फेटची किंवा सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२ ची शिफारशीप्रमाणे फवारणी करावी. कीटकनाशकाचा उपयोग नाही.

२. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक असण्याचा संभव आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते. रोगट झाडे उपटून नष्ट करावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा.

३. फक्त सखल भागातला पट्टाच पिवळा पडला असेल तर पाणी साचले आहे. चर काढून पाणी बाहेर काढावे व वापसा येऊ द्यावा.

फोटोत एक पान येते. ते झाड वरच्या अंगाला आहे की खोलगटात, जमीन चुनखडीची आहे की कसे, हे फोनला दिसत नाही, तुम्हाला दिसते. एका फवारणीला औषध आणि मजुरी मिळून किती पैसे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते पैसे घालण्यापूर्वी शेतात दहा ठिकाणी थांबून झाड बघायला काहीच खर्च येत नाही.

पावसाचा अंदाज

२०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मान्सूनचा अंदाज काढून १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना संदेशाने कळवला. दुबार पेरणीचा फटका आपण जाणतो, म्हणून असा अंदाज मोलाचा आहे. तरीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि कुदळीने उकरून खालपर्यंत ओल पाहिल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. दुसरे असे की, मापक यंत्र महसूल मंडळात एका जागी असते. पाऊस मात्र शिंगाच्या एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते. सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी भूम, परंडा, वाशी या तालुक्यांनी सोसली आहे. वाडी-वस्तीवर एक साधे पर्जन्यमापक बसवावे आणि रोज सकाळी वहीत नोंद करावी.

दुकानदार आणि फवारणी करणारे मजूर

कृषी सेवा केंद्रातल्या मुलांनाही दोन शब्द सांगतो. शेतकरी फोनवरचे औषधाचे नाव दाखवतो आणि तुम्ही बाटली काढून देता. तसे करू नका. आधी पान मागा, पीक किती दिवसांचे आहे ते विचारा, त्या पिकासाठी त्या औषधाची शिफारस लेबलवर आहे का ते वाचा आणि पक्की पावती द्या. यापुढे दुकानाची पत यावरच टिकेल.

ड्रोन आल्यामुळे पाठीवर पंप घेणाऱ्याचे रोज कमी होतील, ही भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. गावातल्या मजूर गटांनी आणि बचत गटांनी असे प्रशिक्षण घ्यावे, म्हणजे काम बाहेरच्या माणसाकडे जाणार नाही. परंतु आजही पंप बहुतेक ठिकाणी माणसाच्याच पाठीवर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका. फोनने दोन औषधे मिसळायला सांगितली आणि मालकाने मिसळली, तर ती हुंगणार तो मजूर. आपले तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. दारूचे प्रमाण कोणी फोनला विचारून ठरवील का? मग विषाचे प्रमाण तरी का ठरवावे?

एवढे करा

• सरकारी किंवा कृषी विद्यापीठाचे ॲप वापरा. अनोळखी दुव्यावरून आलेले ॲप घेऊ नका, आधार क्रमांक आणि ओटीपी कोणाला देऊ नका.

• प्रश्न विचारताना पिकाचे वय, जमीन, आधीची फवारणी व पाऊस हे सगळे सांगा. अर्धवट प्रश्नाला उत्तर अर्धवटच मिळते, आणि फोन तेही ठामपणे सांगतो.

• औषधाची मात्रा फक्त लेबलवरून घ्या. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय मजुराला पंप देऊ नका.

• हरभऱ्यात कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० पतंग आले तरच घाटे अळीवर उपाय योजा. ही मोजणी स्वतः करा.

• शंका राहिली तर रोगट झाड मुळासकट घेऊन सहाय्यक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहाय्यक, यांच्याकडे या. नाही तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फुकट फोन लावा.

• पेरणी, पाऊस, फवारणी, खर्च आणि उतारा यांची वही ठेवा. ज्याच्याजवळ नोंद आहे त्यालाच यंत्राचा सल्ला खरा की खोटा ते पडताळता येते.

बंधूंनो, ट्रॅक्टर आला तेव्हा बैल गेले, पण जमिनीला वापसा आला की नाही हे माती मुठीत दाबून माणूसच ठरवीत राहिला. या नव्या यंत्राचेही तसेच आहे. फोनला जरूर विचारा, पण बांधावर जाऊन पाहिल्याशिवाय पैसा घालू नका.