पायाखालचा काळा फत्तर



जुन्नरच्या पेठेतून मान वर केली की शिवनेरीचा काळा कडा दिसतो. तो कडा, किंवा नदीपलीकडचा लेण्याद्रीचा डोंगर, एकदा नीट न्याहाळून पाहा. डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा दिसतील. जणू कुणी एकावर एक थर रचून ठेवले आहेत. विहीर खोदणाऱ्या माणसालाही हे थर ठाऊक असतात. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो.

हे थर आले कुठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला, पातळ शिलारस वर आला. तो पसरला, निवाला, त्याचा दगड झाला. काही काळ गेला, पुन्हा शिलारस आला. असे किती वेळा तरी घडले. दोन थरांमधल्या विश्रांतीच्या काळात ऊनपावसाने वरचा दगड झिजून त्याची माती झाली, ती पुढच्या शिलारसाखाली भाजली गेली; तोच हा तांबडा पट्टा. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने व्यापलेला आहे. जुन्नरभोवतीची दोनशेहून अधिक लेणी याच फत्तरात कोरलेली आहेत.

आता एखादा चौकस मुलगा विचारील, "गुरुजी, तो विस्तव पुन्हा पेटेल का?" त्याला असे समजावून सांगा. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते अगदी संथपणे सरकत असतात. आपण निखाऱ्यावर पापड भाजतो तेव्हा निखारा जागच्या जागी असतो, पापड सरकतो. जो भाग निखाऱ्यावर येतो तो भाजतो आणि पुढे जातो. आपली भूमीही तशीच एका तप्त जागेवरून उत्तरेकडे सरकत गेली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ती तप्त जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. आपण मात्र हजारो किलोमीटर दूर आलो आहो. तेव्हा शिवनेरीखालून शिलारस उसळेल ही भीती मुलांच्या मनातून काढून टाका.

दूरच्या ज्वालामुखीची खूण मात्र आपल्या तालुक्यात आहे. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी पांढुरक्या राखेचा थर सापडला. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. त्याच्या कोणत्या स्फोटातली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; परंतु समुद्र ओलांडून वाऱ्याने ती इथवर आणली. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत.

मग आपल्याला भिण्याचे कारणच नाही का? आहे, पण ते निराळे आहे.

आपला भूपट्ट आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकून उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला, आणि त्याचा ताण पट्टाच्या मध्यभागीही साठतो. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर हादरले. तिथे धरणाच्या साठ्याचाही संबंध होता असे शास्त्रज्ञ मानतात. धरण झाले की भूकंप होतोच असे मात्र नाही. अशी उदाहरणे थोडीच आहेत. पुढे 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या धाब्यांखाली चिरडली गेली. भूकंपाने जमीन हलते. जीव घेते ते बहुधा आपणच बांधलेले घर.

आणि आंबेगाव तालुक्यातले माळीण कोण विसरेल? 30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगराचा भाग चिखल होऊन गावावर आला. एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना. सुमारे दीडशे माणसे दगावली. तो भूकंपही नव्हता आणि ज्वालामुखीही नव्हता. फत्तर झिजून उतारावर मातीचा जाड थर साठतो. मुसळधार पावसात तो पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. विस्तवाने रचलेला डोंगर पाणी हळूहळू मोडते आहे, हे आपल्या सह्याद्रीचे खरे गणित आहे.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, नकाशावरचे भूपट्ट शिकवून झाले की मुलांना गावाबाहेर न्या. पावसाळ्याआधी गावावरचा उतार पाहा. जमिनीला नवी भेग पडली आहे का? झाडे, खांब कलले आहेत का? पावसात झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, घराची दारे अडकू लागली, तर ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना ताबडतोब कळवा. संततधार लागली असेल तर रात्र होण्याची वाट न पाहता माणसे आणि जनावरे सुरक्षित जागी हलवा.

घर बांधताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घाला, आणि चारी भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा सलग पट्टा घ्या. छपरावर मातीचे ओझे चढवू नका. वर्गात असताना जमीन हादरली, तर मुलांनी मजबूत मेजाखाली बसावे, डोके झाकावे आणि हादरा थांबल्यावर रांगेने मोकळ्या पटांगणात यावे. वर्षातून दोन वेळा याचा सराव घ्या. मुले घरी जाऊन आईबापांनाही शिकवतील.

डोंगर आपल्याशी बोलत नाही, पण खुणा देतो. त्या वाचायला शिकलेले एक मूल प्रत्येक वाडीत असले, तर भूगोलाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.