घरचे अन्न आणि खाणावळीचे ताट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"आपला आहार" या विषयावर मी पंधरावीस मिनिटे बोलावे, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. आहारशास्त्राचा माझा व्यासंग नाही. कोणत्या भाजीत कोणते जीवनसत्त्व असते हे मी चाळीस वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतले. कालांतराने मुले ते विसरली आणि मीही विसरलो. तेव्हा शास्त्राच्या वाटेस न जाता, ज्या दोन ठिकाणी मी आयुष्यभर जेवलो, म्हणजे घर आणि खाणावळ, त्यांविषयीच चार शब्द बोलणार आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येत आहे. त्याचा या विषयाशी निकट संबंध आहे, हे आपणांस ठाऊक आहेच.

प्रथम घरच्या स्वयंपाकाविषयी. घरच्या अन्नाची थोरवी गाताना आपण बहुधा सणाच्या ताटाचे वर्णन करतो. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, शेंगापोळी! वस्तुतः वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत असे ताट दहापंधरा वेळांहून अधिक होत नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा स्वयंपाक हाच घरचा खरा स्वयंपाक. आपल्या सोलापूर भागात तो कोणता? ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी अथवा पिठले, तुरीचे वरण, शेंगांची चटणी आणि कांदा. थंडीत हुलग्यांची शेंगोळी, पाहुणा आला तर येसराची आमटी. यात कौतुक करावे असे काय आहे, असे तरुणांना वाटेल. मला वाटते, पुष्कळ आहे.

भाकरीचेच पाहा. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पिकणारी मालदांडी ज्वारी ही रब्बीची. भाद्रपद-आश्विनात पेरावी आणि जमिनीतल्या ओलीवर, थंडीवर तिने वाढावे. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेले मालदांडी ३५-१ हे वाण कित्येक दशके शेतकऱ्यांनी सोडलेले नाही, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. गव्हाच्या पिठास चिकटपणा उपजत असतो. ज्वारीच्या पिठास तो नसतो. म्हणून ते कढत पाण्याने, एका भाकरीपुरतेच, तळव्याने रगडून मळावे लागते. पीठ जुने असले तर भाकरीस कडेने चिरा जातात आणि दोष मात्र थापणारीच्या माथी येतो. आपल्याकडची कडक भाकरी तर याहून अवघड. ती पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवतात आणि ती पुष्कळ दिवस टिकते. प्रवासास निघालेल्या माणसाला हिच्याइतकी इमानी सोबत नाही.

शेंगांची चटणीही तशीच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, मीठ व तिखट उखळात इतके कुटावे की दाण्याचे तेल सुटून चटणी ओलसर व्हावी. यंत्रात फिरवली तर भुकटी होते, तिला चटणी म्हणणे हे सौजन्य आहे. (हे माझे मत घरात मान्य नाही, कारण उखळ वापरण्याची पाळी माझ्यावर येत नाही.)

या कंसातल्या वाक्यापाशी मला थोडे थांबले पाहिजे. घरच्या अन्नाविषयी मते देणारे बहुतेक पुरुष असतात आणि ते अन्न सिद्ध करणाऱ्या बहुतेक स्त्रिया. आमटीत गूळ किती असावा याविषयी मी वादविवाद केले आहेत. परंतु निवृत्त होईतो मला वरणाचा कुकर लावता येत नव्हता. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातून मनगट दुखत असल्याचे सांगणे होऊ लागले. डॉक्टरांनी भाकरी थापण्यास मनाई केली. मुलगा पुण्यास, मुलगी हैदराबादेस. तेव्हा साठीनंतर मी चूल, म्हणजे गॅस, पेटवावयास शिकलो. भात जमला, वरण जमले. भाकरी आजतागायत जमलेली नाही. माझ्या भाकरीचा आकार पाहून नातू तिला महाराष्ट्राचा नकाशा म्हणतो. आपल्या ज्ञातीत अशी दोघांचीच किती घरे झाली आहेत, हे मी या सभागृहात डोळे फिरवून मोजू लागलो तर मोजदाद लवकर संपणार नाही.

आता खाणावळीकडे वळतो.

बंधुभगिनींनो, जी गोष्ट मी इतकी वर्षे या व्यासपीठावर बोललो नाही, ती आज बोलतो. माझी एक आत्या सोलापुरात खाणावळ चालवीत असे. ती वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरी दोन मुले. शिक्षण चौथीपर्यंत. दोन खोल्यांचे घर होते. पुढच्या खोलीत तिने आठ पाट मांडले आणि मागच्या खोलीत चूल. लक्ष्मी-विष्णू गिरणीतील कामगार, कचेरीतील दोघे कारकून आणि आमच्यासारखे विद्यार्थी तिच्याकडे जेवावयास येत. १९७५ ते १९७७ ही दोन वर्षे मी अध्यापक विद्यालयात शिकत असता तिच्याच घरी जेवलो. इतरांस महिन्याचे दोन वेळचे साठ रुपये पडत, मला ते माफ होते. त्याऐवजी तिचा हिशेब लिहिणे हे माझे काम.

त्या वहीने मला जे शिकविले ते अध्यापक विद्यालयाने शिकविले नाही. वहीत दोन रकाने असत, "आले" आणि "राहिले". गिरणीचा पगार लांबला की "राहिले" हा रकाना फुगे. पण त्यापायी कोणाचे ताट तिने बंद केल्याचे मला स्मरत नाही. एकदा मी तावातावाने म्हणालो, "आत्या, याचे तीन महिन्यांचे राहिले आहेत, याला उद्यापासून वाढू नकोस." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अरे, तो उपाशी राहिला तर कामावर जाईल कसा? आणि कामावर गेला नाही तर माझे पैसे देईल कुठून?" अर्थशास्त्र यापेक्षा वेगळे असते काय, हे मला माहीत नाही. तिची करडी नजर मात्र दुसरीकडे असे. ताटात टाकलेले तिला खपत नसे. कोणी भाकरीचा तुकडा टाकला की, "उद्या तुला मोजून वाढीन," असे ती सर्वांदेखत म्हणे. १९७२ चा दुष्काळ तिच्या डोळ्यांसमोरून गेला नव्हता. त्या वर्षी परदेशातून आलेली तांबडी मिलो आपण सर्वांनी खाल्ली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती आणि आम्ही पोरे ती मागून खात होतो. ते ज्याने पाहिले तो ताटात टाकीत नाही.

आता यातली कडू गोष्ट. याच ज्ञातीत कार्य निघाले की आत्यास बोलावणे येई. ते बोलावणे पंक्तीस नसे, चुलीपाशी असे. चारचारशे पुऱ्या ती लाटी, आणि सगळ्यांची जेवणे उरकल्यावर मागल्या पडवीत तिचे पान मांडले जाई. "पैसे घेऊन वाढते," हा तिचा अपराध. हे करणाऱ्यांची नावे मी घेणार नाही. ती माणसे आज हयात नाहीत, आणि त्यांपैकी काही माझ्याच घरातली होती. मी स्वतः काय केले? नोकरी लागल्यावर आणि लग्न ठरतेवेळी, "विद्यार्थिदशेत जेवणाची सोय कोठे होती?" असे विचारले असता, "नातेवाइकांकडे" असे उत्तर मी दिले. शब्दशः ते खोटे नव्हते. खाणावळ हा शब्द मी गिळला, हे खरे.

खाणावळ या संस्थेचे आपल्या समाजावर किती ऋण आहे, याचा विचार आपण केलेला नाही. पूर्वी अशा खाणावळींच्या पाट्यांवर जातीचे नाव लिहिलेले असे, आणि परगावी गेलेला माणूस आधी पाटी वाचून मगच पायरी चढत असे. पुढे कारखान्यांची आणि कचेऱ्यांची वर्दळ वाढली तशा त्या पाट्या निरुपयोगी झाल्या. आत्याच्या आठ पाटांवर कोण कोण बसे, याची विचारणा तिने कधी केली नाही. विचारली असती तर चार पाट रिकामे राहिले असते. व्याख्यानांनी जे झाले नाही, ते भुकेने आणि भाड्याच्या हिशेबाने झाले.

मुंबईत तर या धंद्यावर गिरणगाव उभा होता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार ज्या बायांकडे जेवत, त्या बायांस सावकाराच्या व्याजातून सोडविण्याकरिता १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आरंभी चौदा स्त्रिया होत्या. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यामुळे अशा स्त्रियांस कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली होती. ती वाट या मंडळाने त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आणली. त्यापूर्वी १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला; तो लिज्जत पापड आज कोणाच्या घरी गेला नाही? १९७० साली कमलाबाई ओगले यांनी "रुचिरा" हे पुस्तक लिहिले आणि वाटी-चमच्यांच्या मापांनी नवख्या मुलींना स्वयंपाक शिकविला. त्याचे आपण कौतुक करतो आणि लग्नात भेट म्हणून देतो. पुस्तकातून रांधावयास शिकविणारी बाई मान्य, आणि रांधून वाढणारी मात्र पडवीत, हा न्याय मला उमगत नाही.

खाणावळीचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. अलीकडे रस्त्याकडेला "घरगुती जेवण" अशी पाटी पाहून आत शिरावे, तर ताटात तोच तांबडा रस्सा, त्यावर तेलाचा बोटभर थर आणि भाजीचे नाव बदलले तरी चव तीच. एका ठिकाणी तर वरणात मला डाळ शोधावी लागली. लग्नकार्यांत आता नूडल्सची वेगळी मेजे असतात. मुले तिकडे धावतात आणि मठ्ठ्याचे पिंप भरलेलेच राहते. मी खाणावळ पारखतो ती दोन गोष्टींवरून. एक, साधे वरण कसे आहे. कारण मसाल्याने ज्याचे दोष झाकता येत नाहीत असा तो एकच पदार्थ. दुसरे, मालक स्वतः तेथे जेवतो की घरून डबा आणवितो.

आता ठरावाविषयी. आपल्या कार्यालयामागील स्वयंपाकघर वर्षातून जेमतेम चाळीस दिवस वापरात असते. उरलेले दिवस तेथे कुलूप आणि झुरळे. आपल्या ज्ञातीतील चार भगिनींनी ते स्वयंपाकघर भाड्याने मागितले आहे. त्यांपैकी दोघी विधवा आहेत, हे सांगण्यास मी कचरत नाही. दोन वेळचे साधे जेवण, विद्यार्थ्यांस बसून आणि वृद्धांस डब्याने, अशी त्यांची योजना. गेल्या वर्षी हा अर्ज फेटाळला गेला. कारणे दोन सांगितली गेली: ज्ञातीच्या वास्तूत अन्नविक्रय शोभत नाही, आणि परजातीचे लोक जेवावयास येतील. त्या सभेत मी हजर होतो. मी हात वर केला नाही, विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही. आत्याच्या हिशेबाची वही माझ्या कपाटात असताना मी गप्प बसलो.

पहिल्या कारणाचे उत्तर वर दिले. दुसऱ्याविषयी इतकेच म्हणतो की, परजातीचे लोक येणार नसतील तर ही खाणावळ सहा महिन्यांत बंद पडेल. आपल्या ज्ञातीची तेवढी संख्या या शहरात नाही.

व्यवहाराच्या शंका मात्र रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे त्या भगिनींनी लिहून दिली आहेत. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी त्या करतील. घरगुती गॅसटाकी न वापरता व्यावसायिक १९ किलोची टाकी घेतील. कार्याच्या दिवशी स्वयंपाकघर मोकळे करून देतील आणि भांड्यांचा जोड स्वतःचा आणतील. भाड्याचा आकडा कार्यकारी मंडळाने ठरवावा. पण पहिले सहा महिने तो नाममात्र असावा, अशी माझी दुरुस्ती आहे आणि ती मी चिटणीसांकडे लेखी दिली आहे. आणखी एक दुरुस्ती तोंडी मांडतो: आजच्या पंगतीचा स्वयंपाक या चौघींनीच केला आहे, तेव्हा त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत. वाढण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी करू. आम्हांस ओळीत वाढण्याची सवय आहे.

ठराव संमत झाल्यास आमच्या घरचे दोन डबे लिहून घ्यावेत. रात्रीच्या डब्यात भाकरी असावी, भात नको. आणि शेंगांची चटणी उखळातली मिळत असेल तर तिचे वेगळे पैसे देण्यास माझी हरकत नाही.