परदेशचा पगार आणि परदेशचा बाजार



आज आपण बाजारहाटाचा हिशेब करणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचे ते काय? मीठ-मिरची तर आम्ही जन्मभर आणतो. खरे आहे. पण आज आपल्या बाजाराबरोबर दुसऱ्या देशांचे बाजारही हिंडायचे आहेत. कारण त्या हिशेबावर पुष्कळ घरांत मोठमोठे निर्णय होतात.

कोकणातल्या कितीतरी गावांतून माणसे आखातात कामाला जातात. आता देशावरूनही जातात. एजंट येतो. म्हणतो, “दुबईला बाराशे दिरहम पगार आहे. एक दिरहम म्हणजे तेवीस रुपये. करा गुणाकार.” गुणाकार येतो २७,६०० रुपये. घरातली सगळी एकमेकांकडे बघतात. मग कोणी दागिना मोडतो, कोणी जमीन गहाण टाकतो, आणि पोरगा विमानात बसतो.

गुणाकार चुकला नाही. पण हिशेब अर्धाच झाला. पगार तिथला सांगितला. बाजार कुठे सांगितला?

बाजार कसा मोजायचा ते कळायला थोडे दूर, जपानात जाऊ. तिथली माणसे आपल्यासारखीच भात खाणारी. २०२५ च्या मे महिन्यात तिथे पाच किलो तांदळाची पिशवी सुमारे ४,२०० येनला झाली होती. येन हे तिथले नाणे. वर्षापूर्वी तीच पिशवी याच्या निम्म्या किमतीला मिळत होती. २०२३ चा उन्हाळा फार कडक गेला आणि पिकाला धक्का बसला. पुढच्या वर्षी भूकंपाची सूचना निघाली, तेव्हा लोकांनी घाबरून घराघरांत साठा केला. भाव चढतच गेले. त्यातच तिथले शेतीमंत्री ताकू एतो बोलून गेले की, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, लोकच आणून देतात. झाले! दोन-चार दिवसांत त्यांना खुर्ची सोडावी लागली. महाग तांदळापुढे मंत्र्याचेही काही चालत नाही.

आता त्या पिशवीचे रुपये करू. त्या वेळी किलोला सुमारे ४९० रुपये पडत होते. आपल्याकडे दुकानात साधा तांदूळ ५० रुपये किलो धरा. म्हणजे जपानात जवळजवळ दहापट महाग! ऐकूनच छाती दडपते. मग जपानी माणूस जगतो तरी कसा?

इथे रुपये बाजूला ठेवा आणि घड्याळ हातात घ्या. एक किलो तांदळासाठी किती वेळ राबावे लागते, ते विचारा. जपानात कमीत कमी मजुरी कायद्याने ठरते. २०२४ अखेर ती सरासरी तासाला १,०५५ येन होती. चार तास काम केले की पाच किलोंची पिशवी हातात. म्हणजे किलोला साधारण ४८ मिनिटे. तेही तांदूळ कधी नव्हे इतका महाग असताना.

आता आपले बघा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. ५० रुपयांच्या किलोभर तांदळासाठी सव्वा तासाहून थोडे जास्त राबावे लागते. (रेशनचा तांदूळ यात धरलेला नाही.) तेव्हा स्वस्त तांदूळ कुठला, सांगा बरे? रुपयांत मोजला तर आपला. घामात मोजला तर त्यांचा.

मग तुम्ही विचाराल, सगळ्या जगात एकच भाव का नसतो? याचे कारण असे. काही वस्तू प्रवास करतात. सोने, गहू, कापड, तेल या गोष्टी जहाजात बसून देशोदेशी जातात. त्यांचे भाव सगळीकडे जरा जवळजवळ राहतात. सरकारने मध्ये अडसर घातला तर मात्र नाही. जपानने बाहेरच्या तांदळावर किलोला ३४१ येन जकात बसवली आहे. म्हणून तिथला तांदूळ इतका तेजीत.

पण काही गोष्टी प्रवास करतच नाहीत. आपला न्हावी दाढी करायला रोज जहाजात बसून टोकियोला जाऊ शकत नाही. भाड्याची खोली बोटीत भरता येत नाही. शिंपी, सुतार, रिक्षावाला, खाणावळीतली पोळी लाटणारी बाई, यांचे काम जिथल्या तिथे. त्यांचा भाव त्या गावच्या मजुरीवर ठरतो. जिथे मजुरी मोठी, तिथे दाढीही मोठ्या दामाची आणि खोलीही मोठ्या भाड्याची.

जागतिक बँक अनेक देशांच्या मदतीने अशा किमती गोळा करते. २०१७ सालच्या मोजणीत असे दिसले की, अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि जेवढी कामे मिळत, तेवढी भारतात सुमारे २१ रुपयांत मिळत. त्याच वर्षी सराफकट्ट्यासारख्या पैशाच्या बाजारात मात्र डॉलरला ६५ रुपये पडत होते. एजंट गुणाकार करतो तो या दुसऱ्या आकड्याने. पण तिथे राहून तिथेच पैसा खर्च करणाऱ्याला पहिला आकडा लागू पडतो.

पैसा जातो कशात, तेही बघा. आपल्या सरकारने २०२२-२३ साली घरोघरच्या खर्चाची पाहणी केली. खेड्यांत खर्चाच्या शंभर रुपयांतले ४६ खाण्यापिण्यावर जात होते. अमेरिकेत २०२३ साली शंभरातले १३ च खाण्यावर जात, तेही हॉटेलातले खाणे धरून. वाहवा! पण घर, वीज-पाणी आणि घरातले सामान यांवर शंभरातले ३३ जात होते. आपल्या पडक्या का होईना, वडिलोपार्जित घराला भाडे नाही. ते नसण्याची किंमत आपण कधी मोजतच नाही.

आता पुन्हा दुबईला येऊ. ते गाव आपल्याला परके नाही. १९६६ पर्यंत आखाताच्या त्या भागात आपला रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी १९५९ पासून वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. जून १९६६ मध्ये आपल्या सरकारने रुपयाचे मोल कमी केले, तेव्हा त्यांनी रुपया सोडला. दिरहम आला १९७३ साली.

त्या वाळवंटात पिकते थोडे. बहुतेक खाणे बाहेरून येते. आपल्या नाशिकचा कांदा तिथे जातो. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. त्या वेळी तिथल्या दुकानांत कांदा भडकला, आणि इकडे आपला शेतकरी भाव पडला म्हणून ओरडत होता. कांदा एकच, रडणारे दोन. पेट्रोल मात्र तिथे आपल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण मजुराला त्याचा काय उपयोग? त्याच्याकडे गाडी कुठे आहे?

खरा प्रश्न खोलीचा आहे. बऱ्याच कंपन्या कामगारांना राहायला जागा देतात. ज्यांना मिळत नाही, ते ‘बेडस्पेस’ घेतात. म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक खाट. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ माणसे.

चला, पाटी घ्या. हे आकडे आपण समजुतीसाठी धरू. पगार १,२०० दिरहम. जेवणाला ३५०. फोन, साबण, दाढी, बस मिळून १५०. जागा मालकाची असली तर उरले ७००. त्यांचे झाले १६,१०० रुपये. जागा स्वतःची घ्यावी लागली आणि खाटेला ४०० गेले, तर उरले ३००. त्यांचे ६,९०० रुपये. जायला लाखभर कर्ज काढले असेल आणि सावकार महिन्याला शेकडा तीन घेत असेल, तर ३,००० नुसते व्याज. हातात ३,९००. एजंटाने सांगितलेले २७,६०० कुठे गेले?

तोच पोरगा तालुक्याला गवंडीकाम करून दिवसाला ७०० मिळवत असेल आणि महिन्यात वीस दिवस काम लागत असेल, तर १४,००० होतात. जेवायला घरी, निजायला घरी.

मी कोणाला जाऊ नका म्हणत नाही. जागा आणि जेवण मालकाचे असले, तर तिथे कमावून इथे खर्च करण्यात मोठा फायदा आहे. त्या पैशावर कोकणात किती घरे उभी राहिली! कारण तिथल्या दिरहमाला इथे जास्त गवंडी मिळतात, जास्त विटा मिळतात. पण बायकापोरांना तिकडे नेले की तो फायदा गेला. मग भाडे तिथले, दूध तिथले, शाळेची फी तिथली.

तेव्हा एजंट आला की त्याला चहा द्या, आणि करार कागदावर मागा. जागा कोणाची, जेवण कोणाचे, तिकीट कोणाचे, आठवड्याची सुट्टी आहे की नाही, हे त्यात पाहा. करार इंग्रजीत असेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या. मग ते आकडे आपल्या हाताने, आपल्या वहीत मराठीत उतरवा. पगाराच्या खाली एकेक खर्च लिहा, वजा करत जा, आणि शेवटी जे उरेल तेवढ्यालाच त्या दिवशीच्या दिरहमाच्या भावाने गुणा.