प्रमाणपत्र कोणाचे आणि कोणासाठी?

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत धावपट्टी नाही, विमानांचा कारखाना नाही आणि विमानाने प्रवास करणारी माणसेही थोडीच आहेत. तरीही विमान वाहतुकीतील नोकऱ्या आणि त्यांची प्रमाणपत्रे हा विषय येथील कार्यकर्त्यांपुढे मांडण्यास सबळ कारण आहे. बारावी झालेली मुले-मुली पुण्याला जातात. तेथे ‘एव्हिएशन मॅनेजमेंट’ शिकविणाऱ्या खाजगी संस्थांच्या पाट्या त्यांच्या दृष्टीस पडतात. पाटीवर विमान असते, गणवेशातील हसरी तरुणी असते आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे आश्वासन असते. मुले गावी परततात आणि घरात फीचा विषय निघतो. ती फी लाखांच्या घरात असते. मावळपट्ट्यातील शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम येते ती दोनच वाटांनी : शेतघरासाठी विकलेल्या जमिनीच्या तुकड्यातून, नाहीतर पतसंस्थेच्या कर्जातून. जमीन देऊन एक कागद विकत घेतला जातो. त्या कागदाचे मोल काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तसाच राजकारणाचाही आहे.

या प्रदेशाचा आर्थिक इतिहास लक्षात घेतल्यावाचून प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. १९२० च्या दशकात पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. पानशेत आणि वरसगावच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. धरणाखाली जमिनी गेल्या त्या डोंगरातल्यांच्या. पाण्यामागोमाग माणसेही खाली उतरली आणि मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत, गोदामांत, गिरण्यांत कष्टाच्या कामाला लागली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय घेतला. नावाचा अभिमान योग्यच आहे. परंतु नाव बदलल्याने रोजगाराची वाट बदलत नाही. हमालाच्या मुलाने शिकून विमानतळावर जावे ही आकांक्षा सर्वथा आदरणीय आहे. आक्षेप आहे तो त्या आकांक्षेच्या व्यापारावर.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या पहिल्याच परिशिष्टात कोणत्या कामासाठी व्यक्तीला परवाना आवश्यक आहे याचे नियम आहेत. वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक, विमानाची देखभाल करून ते उड्डाणास योग्य आहे अशी सही करणारा अभियंता, उड्डाणाचे नियोजन करणारा अधिकारी ही कामे त्यात येतात. ज्याच्या चुकीने माणसे मरू शकतात, त्याची परीक्षा राज्यसंस्थेने घ्यावी, हे यामागचे सरळ तत्त्व आहे. ‘व्यवस्थापक’ नावाचा परवाना त्या परिशिष्टात नाही. भारतात १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला, परंतु हे तत्त्व तेच राहिले.

परवाना मिळणे सोपे नाही. देखभाल अभियंत्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अनेक विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येक विषयात किमान ७५ टक्के गुण लागतात आणि त्यावर प्रत्यक्ष विमानदुरुस्तीचा अनुभव दाखवावा लागतो. व्यावसायिक वैमानिकाला किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण स्पर्धा परीक्षेने करते. त्यासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि प्रशिक्षण प्रयागराजच्या नागरी विमानन प्रशिक्षण महाविद्यालयात होते. या तिन्ही वाटांवर दिलेल्या कागदामागे राज्याची परीक्षा आणि राज्याची सही उभी असते.

आता ‘एव्हिएशन मॅनेजमेंट’च्या डिप्लोमाकडे वळू. त्यामागे अशी कोणतीही वैधानिक परीक्षा नाही. विमानातील सेवकवर्गाला सुरक्षेचे जे प्रशिक्षण कायद्याने सक्तीचे आहे, ते विमान कंपनी निवड झाल्यानंतर महासंचालनालयाच्या मान्यतेने देते. बाहेर फी भरून घेतलेला अभ्यासक्रम त्याची जागा घेत नाही. विमानतळाच्या आत प्रवेश देणारा पास नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोच्या व्यवस्थेतून मिळतो आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फत करावा लागतो. सामानाची क्ष-किरण तपासणी करणाऱ्याचे प्रमाणपत्रही ब्यूरोच्याच कक्षेत येते. काही डिप्लोमांवर आंतरराष्ट्रीय संघटनांची मुद्रा असते, परंतु त्या संघटना बहुधा विमान कंपन्यांच्याच असतात. त्यांच्या अभ्यासक्रमांत शिकण्याजोगे पुष्कळ असेल. तथापि त्याने परवाना मिळत नाही आणि नोकरीचा हक्क तर मुळीच उत्पन्न होत नाही.

जगात विमानतळ व्यवस्थापकांसाठी गांभीर्याने चालविलेला एक कार्यक्रम आहे. विमानतळांची जागतिक परिषद आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना यांनी तो २००७ मध्ये मिळून सुरू केला. त्यात चार सक्तीचे व दोन ऐच्छिक अभ्यासक्रम तीन वर्षांच्या आत पुरे करावयाचे असतात. परंतु तो कोणासाठी आहे? विमानतळावर व्यवस्थापक म्हणून आधीच काम करणाऱ्यांसाठी. या व्यवसायात माणूस आधी काम करतो, अनुभव मिळवितो आणि मग व्यवस्थापक म्हणून प्रमाणित होतो. बाजारात मात्र बारावीच्या मुलाला सांगितले जाते की आधी व्यवस्थापक हो, काम नंतर मिळेल. क्रम उलटा केला आहे, आणि त्या उलट्या क्रमातच नफा आहे.

येथे वर्गाचा प्रश्न स्पष्ट दिसतो. वैमानिकाच्या खऱ्या प्रशिक्षणाला अर्ध्या कोटी रुपयांच्या आसपास खर्च येतो. देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम त्या मानाने स्वस्त असला तरी त्यालाही काही लाख लागतात, आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. डोंगरातील अनेक मुलांना विज्ञान शाखेसाठी गावच सोडावे लागते. म्हणजे ज्या परवान्याला मोल आहे तो श्रीमंतांच्या आवाक्यात, आणि ज्या कागदाला मोल नाही तो गरिबांच्या दारात हप्त्याने उपलब्ध, अशी ही वाटणी आहे.

कोणी म्हणेल, या संस्थांतून काही मुलांना नोकऱ्या लागतात, त्यांचे इंग्रजी सुधारते, लाजाळूपणा जातो. हे खरे आहे. काउंटरवर उभे राहण्यास बोलण्याचे वळण लागतेच. परंतु ते वळण कनिष्ठ महाविद्यालयाने किंवा शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने अल्प फीत का देऊ नये, याचे उत्तर मिळत नाही. आणि ज्यांना नोकरी लागली त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावली जातात. ज्यांना लागली नाही त्यांची गणती कोणी छापत नाही.

नोकरी लागते तिचे स्वरूप कसे असते? १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिना येथे जे घडले ते वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. विमानतळावरील सामान चढविण्या-उतरविण्याच्या आणि तत्सम कामांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी वीस हजारांहून अधिक तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीची वेळ आली. पात्रता दहावीची होती, पगार वीस ते पंचवीस हजारांच्या दरम्यान, आणि नेमणूक ठरावीक मुदतीची. रांगेत पदवीधरही उभे होते. भरती करणारी कंपनी सरकारी मालकीची होती, कारण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हा जमिनीवरील सेवा देणारी ही कंपनी सरकारकडेच राहिली. सरकारही कायम नोकरी देईनासे झाले, हा त्या दिवसाचा खरा अर्थ.

खाजगी कंत्राटातील अस्थिरता तर याहून मोठी. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मान्यता रद्द केली. ती मुंबईसह अनेक विमानतळांवर सेवा देत होती. निर्णयाच्या राजकीय कारणांची चर्चा वेगळी. कामगारांच्या दृष्टीने पाहता ज्या कंपनीच्या नावे त्यांचे पास आणि ओळखपत्रे होती, तीच एका दिवसात बाद झाली, आणि आपल्याला दुसरा कंत्राटदार घेईल की नाही या चिंतेत हजारो माणसे पडली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हाही सुमारे वीस हजार लोकांवर हाच प्रसंग आला होता. परवानाधारक वैमानिकाचा परवाना त्याच्या स्वतःच्या नावे असतो. कंपनी बुडाली तरी तो बुडत नाही. हमालाच्या, काउंटरवरील मुलीच्या हाती मात्र कंपनीच्या ओळखपत्रापलीकडे काहीच उरत नाही.

व्यावसायिक मानके ही तज्ज्ञांची बाब आहे, कामगार चळवळीचा तिच्याशी संबंध नाही, असे मानणाऱ्यांनी अलीकडचे आणखी एक उदाहरण पाहावे. वैमानिकांच्या विश्रांतीचे कठोर नियम त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्यामुळे लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या कामावर मर्यादा आल्या. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा दुसरा टप्पा अमलात आला, आणि डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील एवढ्या वैमानिकांची तजवीज केलेली नव्हती. शेवटी सरकारने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. मानक म्हणजे काय, तर माणसाने किती तास काम करावे आणि किती झोपावे याचा करार. तो करार मिळविण्यास संघटना लागली, आणि टिकविण्यासही संघटनाच लागणार.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर परके नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे आणली. मालकाने मजुरी मंडळाकडे भरावयाची आणि त्यावरील अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, औषधोपचार यांची तरतूद व्हावयाची. मालक बदलला तरी कामगाराची नोंदणी टिकते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने याच मार्गाने ओझे वाहणाऱ्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. या कायद्याचे तत्त्व विमानतळावर नेले पाहिजे. प्रशिक्षण, सुरक्षा तपासणी आणि अनुभव यांची नोंद कामगाराच्या नावे, सार्वजनिक मंडळाकडे असावी आणि कंत्राटदार बदलला तरी ती चालावी. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून मागणी दिल्लीपर्यंत न्यावी लागेल. परंतु तिचा आरंभ तालुक्यातून होऊ शकतो.

कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. प्रत्येक गावात पालकांना तीन प्रश्न शिकवावेत : प्रमाणपत्र कोण देतो? ते कोणत्या नियमाखाली मान्य आहे? नोकरी न लागल्यास फी परत मिळेल असे लेखी देता काय? देखभाल अभियंत्याच्या मान्य संस्थांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. फी भरण्यापूर्वी ती पाहण्यास एक सकाळ पुरते. विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेसाठी अर्जाच्या शुल्कापलीकडे पैसे मागणारा मनुष्य फसवीत आहे, हे निःशंक सांगावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाच्या सांगाड्याचे व उपकरणांचे फिटर हा व्यवसाय शिकविण्याची तरतूद आहे. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, आणि नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना असे उमेदवार घेतो. ही वाट जाहिरातीत दिसत नाही, कारण तीत दलाली नाही. ज्यांना मुदतीची नोकरी लागली आहे त्यांना सांगावे की नव्या कामगार संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळतो. तो मागितल्याखेरीज कोणी आणून देणार नाही.

शेवटची गोष्ट शेजारच्या पुरंदर तालुक्याची. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची जमीन विमानतळासाठी मागितली गेली, आणि मे २०२५ मध्ये ड्रोनने होणाऱ्या मोजणीला ग्रामस्थांनी विरोध केला. भूमिपुत्रांना नोकऱ्या देऊ, असे अशा प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी सांगितले जाते. कोणत्या नोकऱ्या, कोणत्या पात्रतेच्या, कोणाच्या वेतनपटावर आणि किती वर्षांच्या, हे प्रश्न जमीन जाण्यापूर्वी विचारले पाहिजेत. भोरच्या लोकांनी भाटघरच्या वेळी काय गमावले हे त्यांना ठाऊक आहे. पुरंदरच्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहणे आणि आपल्या मुलांना खोट्या डिप्लोमांपासून वाचविणे ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत. राज्याने खरे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, अल्प फीत आणि मराठीतून सुरू करावे, आणि त्याचे प्रमाणपत्र कामगाराच्या मालकीचे असावे, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत उभे राहावे.