नळाखालची चुंबळ
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचा जन्म खडूफळ्यापाशी गेला. भाता आणि ऐरण वडिलांबरोबरच आमच्या घरातून गेली. तथापि आपल्या लोहार ज्ञातीतील कित्येक मुले आज नांदेड व लातूर येथे वेल्डिंगची कामे करितात. त्यांच्या कामातील एका लहानशा तुकड्याविषयी आम्ही बोलणार आहोत. पाण्याचा पोलादी नळ व त्याचा आधार यांमध्ये बसवावयाचा पॅड, तो हा तुकडा.

आपल्या माताभगिनी डोक्यावर घागर घेताना आधी चुंबळ ठेवीत. ती नसेल तर सारा भार टाळूच्या एकाच जागी रुततो. पॅडचे कार्य हेच होय. एक मीटर व्यासाच्या नळात दर मीटर लांबीस पाऊण टनाहून अधिक पाणी मावते. अशा नळाला आधाराचा पाय थेट वेल्ड केला, तर अरुंद रेषेवर ताण साठतो, आणि चीर पडलीच तर ती नळाच्या भिंतीत शिरते. मध्ये पॅड असला म्हणजे भार पसरतो. पुढे आधार कापावा लागला तरी इजा पॅडला होते, नळ शाबूत राहतो.

दुसरे कारण आपल्या उन्हाचे. तपमानात ४० अंशांचा फरक पडला तर शंभर मीटर पोलादी नळ सुमारे ४८ मिलिमीटर वाढतो. म्हणून काही आधारांवर नळास सरकण्यास वाव ठेवितात. तेथे जे घासावयाचे ते पॅडने घासावे.

खर्च वाचविण्यासाठी पॅड गाळणारे ठेकेदार आम्ही पाहिले आहेत. नांदेडकरांस गोदावरीचे पाणी उपसून वर चढविणारा विष्णुपुरी प्रकल्प परिचित आहे. वर चढविलेल्या पाण्यास वीज लागते, ते फुकट येत नाही. लातूरकरांस तर काही सांगणेच नलगे. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. तीत १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता गणित करा. मिनिटास एक लिटर गळणारी चीर दिवसाकाठी १,४४० लिटर घालविते. त्या गाडीएवढे पाणी ती एकटी वर्षाच्या आत मातीत मुरविते!

पॅड कसा असावा? नळाच्याच जातीच्या पोलादाचा, बहुधा तितक्याच जाडीचा, नळाच्या गोलाईस चपखल वाकविलेला. कोपरे गोल करावे. टोकदार कोपऱ्यात ताण साचतो. नळाचा मूळ जोड त्याखाली झाकला जात असेल, तर तो आधी तपासून घ्यावा. वेल्डिंग चहूबाजूंनी सलग हवे, नाही तर फटीत पावसाचे पाणी शिरून आतल्या आत गंज चढतो.

पॅडला एक बारीक छिद्र ठेवितात, सुमारे ६ मिलिमीटरचे. ते केवळ पॅडला. नळाला मुळीच नव्हे. शेवटचा टाका मिटताना कोंडलेली तप्त हवा त्यातून निघून जाते. त्यातूनच थोडी हवा भरून जोडावर साबणाचे पाणी लाविले, की बुडबुडा दोष दाखवितो. काम झाल्यावर पाऊस शिरू नये म्हणून त्यात ग्रीस भरावे. वेल्डिंगने ते कायमचे बुजवू नये. गिऱ्हाईक त्या छिद्राकडे बोट दाखवून कामात खोट काढीलच. त्यास सांगावे, की पॅडखाली नळ कधी गळू लागला तर पहिला थेंब येथूनच दिसेल.